नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतोय? आधी मोजा, मग ठरवा

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सूनबाईनं सकाळी पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, वास घेऊन बघा. रोज हेच पितोय आपण. माझे केस गळतायत ते यानंच, आणि बाळाचं अंग खाजतंय तेही यानंच." दुसऱ्या हातात मोबाइल होता, त्यावर एका महागड्या यंत्राची जाहिरात उघडलेली. पेला नाकाशी धरला आणि मला मात्र बरं वाटलं. म्हटलं, "दोन दिवस दे मला. मोजतो, मग बोलू."

बरं का वाटलं ते सांगतो. मी तेहतीस वर्षं आरोग्य खात्यात होतो, आधी आरोग्य सेवक, नंतर आरोग्य सहायक. सगळी नोकरी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या गावांत. गावात पाऊल ठेवलं की पहिलं काम ओटी, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी. टाकीजवळच्या नळाचं पाणी, मधल्या आळीतलं आणि पाइपलाइनच्या अगदी शेवटच्या घरातलं. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळं आलं की वहीत 'पॉझिटिव्ह' लिहायचं. शेवटच्या घरात पिवळं आलं की त्या रात्री झोप चांगली लागायची.

एका गावात लोकांनी तक्रार केली की पाण्याला औषधाचा वास येतो, चहा बिघडतो. पाणी सोडणाऱ्या माणसानं लोकांच्या समाधानासाठी टीसीएल, म्हणजे पाण्यात घालायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, कमी केली, मग बंदच केली. पहिल्या पावसात व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी गॅस्ट्रोची साथ आली. शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या करून आम्ही सतरंज्यांवर माणसं झोपवली. भिंतीवर नकाशे टांगायचे खिळे होते, त्यांना सुतळीनं सलाइनच्या बाटल्या बांधल्या. महाराष्ट्राच्या नकाशाखाली एक आजी झोपल्या होत्या, डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. त्या वाचल्या. पण त्या दिवसापासून 'पाण्याला वास येतो' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, किती येतो आणि कुठल्या नळाला येतो?

किती असावं

नळाला येणाऱ्या पाण्यात जे शिल्लक क्लोरीन असतं त्याला आम्ही 'रेसिड्युअल' म्हणतो. पाण्यातले जंतू मारून झाल्यावर उरलेलं, वाटेत पुन्हा काही घाण शिरली तर तिच्याशी लढायला राखून ठेवलेलं. भारतीय मानक (आयएस 10500) म्हणतं, लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावं आणि दुसरा इलाज नसेल तर 1 मिलिग्रॅमपर्यंत चालेल. विषाणूंची भीती असेल तेव्हा किमान 0.5 ठेवावं. जागतिक आरोग्य संघटनेनं आयुष्यभर पिण्यासाठी घालून दिलेली वरची मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम आहे. म्हणजे आपल्या नळाला 0.5 असेल तर आपण त्या मर्यादेच्या दहाव्या भागावर आहोत.

गोंधळ होतो तो इथंच. काही नाकांना 0.3 ला सुद्धा वास कळतो. वास आला म्हणजे प्रमाण जास्त झालं, असं नाही.

मोजायचं कसं

ओटीचं किट स्वस्त असतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं, ऑनलाइनही मिळतं. मिळालं तर डीपीडीचं किट घ्या, त्यात रंग गुलाबी येतो आणि आकडा जास्त भरवशाचा असतो. माझा हात ओटीवर बसलेला, म्हणून मी तेच वापरतो.

नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, ते पाणी बादलीत धरा, वाया घालवू नका. नळी त्याच पाण्यानं तीनदा विसळा. खुणेपर्यंत भरा. किटवर लिहिलेत तेवढेच थेंब टाका, झाकण लावून एकदा उलटी-सुलटी करा आणि पांढऱ्या कागदापुढे धरून लगेच, दहा सेकंदांच्या आत, रंग पट्टीशी जुळवा. हे दहा सेकंद महत्त्वाचे. उशीर केलात तर क्लोरीनची अमोनियाशी वगैरे झालेली संयुगंही रंग देऊ लागतात आणि आकडा फुगतो. आमच्यातले काही जण नळी बाजूला ठेवून चहा प्यायचे आणि मग वहीत लिहायचे. तसलं मोजमाप मी कधी मानलं नाही.

ऑर्थोटोलिडिन हे औषध स्वतः घातक आहे, त्यापासून कर्करोगाचा धोका धरतात. हाताला लागलं तर साबणानं धुवा, तपासलेलं पाणी मोरीत ओतून वर भरपूर पाणी सोडा, किट मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. नळी जेवणाच्या भांड्यांबरोबर विसळायची नाही.

आणि घरातल्या एकाच नळाचं पाणी तपासून थांबू नका. थेट महापालिकेच्या लाइनीवरचा नळ, गच्चीवरच्या टाकीवरून येणारा नळ आणि यंत्रातून गाळून येणारं पाणी, या तीन जागा वेगळ्या धरा.

आमच्या घरी काय निघालं

मी आता मुलाकडे पुण्यात राहतो, उपनगरातल्या एका सोसायटीत. स्वयंपाकघरातला एक नळ थेट लाइनीवर आहे, बाकी सगळे गच्चीवरच्या टाकीवर. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तपासलं. सूनबाई शेजारी उभी राहून बघत होती.

स्वयंपाकघरातल्या नळाला 0.5. नळीतलं पाणी हरभऱ्याची डाळ भिजवल्यावर वर येतं तसं फिकट पिवळं. अगदी हवं तेवढं. मग बाथरूमच्या नळाचं पाणी घेतलं. थेंब टाकले, हलवलं, कागदापुढे धरलं. काहीच नाही. पुन्हा घेतलं. पांढरं ते पांढरंच.

म्हणजे ज्या पाण्यानं ती केस धुवत होती आणि बाळाला आंघोळ घालत होती, त्यात क्लोरीनचा पत्ताच नव्हता. उन्हाळ्यात सोसायटी टँकर घेते, ते बोअरचं जड पाणी. शॉवरच्या भोकांवर आणि गीझरच्या तोटीवर पांढरी खपली साठली होती. नखानं खरवडली तर चुन्यासारखी निघाली. तो क्षारांचा थर. जड पाण्यात साबण नीट फेसाळत नाही आणि त्याचा चिकट साका केसांवर, कातडीवर राहतो. केस राठ होणं, अंग कोरडं पडणं, याचा दोष आमच्या घरी क्लोरीनवर जात होता आणि कारण दुसरंच होतं.

नंतर मी सेक्रेटरींना घेऊन गच्चीवर गेलो. टाकीचं झाकण एका कोपऱ्यात तुटलेलं होतं, आत पाण्यावर कबुतराची दोन पिसं तरंगत होती. ते बघून मला शाळेतल्या त्या खोल्या आठवल्या. याच टाकीचं पाणी लोक तोंड धुवायला, भाज्या धुवायला वापरत होते. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागांत जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण निघाले, काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. योग्य प्रमाणात, पुरेसा वेळ क्लोरीन दिलं तर हा जंतू मरतो.

मग क्लोरीननं त्रास होतच नाही का?

होतो. कुणाला आणि कशानं ते नीट समजून घ्या.

कातडी. ज्यांना एक्झिमा आहे, विशेषतः लहान मुलं, त्यांना क्लोरीनच्या पाण्यानं खाज आणि कोरडेपणा वाढू शकतो. गरम पाण्यानं आणखी. उपाय साधा आहे. पाणी कोमट, आंघोळ आटोपशीर, साबण सौम्य, आणि अंग टिपून तीन मिनिटांत, कातडी ओलसर असतानाच, साधी पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी दिलेलं क्रीम लावा. घासून पुसायचं नाही. एवढ्यानं भागलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

श्वास. दमेकरी माणसाला बंद बाथरूममध्ये, कढत पाण्याच्या वाफेत वास कोंडला की छाती भरून येऊ शकते. खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. पिण्यापेक्षा कोंडलेली हवा जास्त त्रास देते.

दीर्घकाळचा धोका. यावर सगळ्यात जास्त भीती पसरवली जाते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. नदी-धरणाच्या पाण्यात कुजलेला पाला, शेवाळ यांचा अंश असतो. त्याच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगं तयार होतात, क्लोरोफॉर्म त्यातलंच. 1974 साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या जलकेंद्रातले रसायनतज्ज्ञ योहानेस रोक यांनी हे दाखवून दिलं. त्यानंतर झालेल्या काही अभ्यासांत, वर्षानुवर्षं ही संयुगं जास्त असलेलं पाणी वापरणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 1991 साली क्लोरीन घातलेल्या पिण्याच्या पाण्याबद्दल 'पुरावा अपुरा, वर्गवारी करता येत नाही' असं म्हटलं. क्लोरोफॉर्म मात्र 'कर्करोगाची शक्यता' या गटात आहे. आपल्या मानकात क्लोरोफॉर्मला लिटरला 0.2 मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

तेव्हा हा धोका खोटा नाही, पण तो कमी करायचा मार्ग म्हणजे क्लोरीन बंद करणं नव्हे. शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन देण्याआधी तुरटीनं आणि गाळणीनं गाळ-पाला नीट काढला पाहिजे. गढूळ पाण्यात भसाभस टीसीएल टाकली तर ही संयुगंही वाढतात आणि जंतूही गाळाच्या आड वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणंही हेच आहे की या संयुगांच्या भीतीनं निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये. घरच्या पातळीवर, पाणी उघड्या पातेल्यात उकळलं तर या संयुगांचा बराच भाग उडून जातो. कोळशाच्या गाळणीतही बराच अडकतो.

डायलिसिस. इथं मात्र अजिबात हयगय नको. डायलिसिसच्या एका बैठकीत शंभर लिटरहून जास्त पाणी वापरलं जातं आणि ते पातळ पडद्यापलीकडे रक्ताशी भिडतं. क्लोरीन किंवा क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) त्यात राहिलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून केंद्रात कोळशाच्या टाक्या असतात आणि पाणी रोज तपासावं लागतं. घरातलं कुणी डायलिसिसवर असेल तर "आज क्लोरीन तपासलं का?" असं तिथल्या तंत्रज्ञाला विचारायला संकोच करू नका. त्याच रुग्णानं घरी नळाचं पाणी पिण्यात या बाबतीत वेगळा धोका नाही. किती प्यायचं, ते डॉक्टरांनी सांगितलेलं पाळायचं.

तान्हं बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईच्या दुधावर असेल तर त्याला वरचं पाणी लागतच नाही. पावडरचं दूध देत असाल तर पाणी उकळूनच घ्या, क्लोरीनचा प्रश्न तिथंच मिटतो.

घरात मासे पाळले असतील तर नळाचं पाणी थेट टाकीत ओतू नका, क्लोरीन त्यांच्या कल्ल्यांना जाळतं. एक दिवस पसरट भांड्यात उघडं ठेवा किंवा माशांच्या दुकानात मिळणारं सोडियम थायोसल्फेटचं औषध घाला.

वास नको असेल तर

प्यायच्या पाण्यातला वास काढायला स्वस्तात स्वस्त उपाय म्हणजे वेळ. पाणी स्वच्छ पातेल्यात भरून वर जाळीचं किंवा सुती फडक्याचं झाकण घाला आणि काही तास ठेवा. रात्री भरलं तर सकाळी वास नसतो. घाई असेल तर खळखळून उकळी आल्यावर काही मिनिटं उघडंच उकळू द्या.

पण क्लोरीन गेलं की पाण्याचा राखणदार गेला. यापुढे त्यात हात बुडाला, कुणी उष्टा पेला घातला, की जंतूंना अडवणारं काही नाही. म्हणून असं पाणी चोवीस तासांत संपवा, माठ रोज विसळा आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. तेहतीस वर्षं मी घरोघरी ओगराळ्याबद्दल सांगत आलोय, आजही सांगतो.

यंत्र घ्यायचं तर साधी कोळशाची गाळणी आणि यूव्ही एवढं धरणाच्या पाण्याला बहुतेक ठिकाणी पुरतं. खडकवासल्याचं पाणी मुळात गोडं, त्याला आरओ लावून बरंचसं पाणी मोरीत सोडून देणं मला पटत नाही. बोअरच्या जड पाण्याला आरओची गरज वेगळी. कोळशाचं काडतूस ठरलेल्या मुदतीत बदला. जुनं काडतूस क्लोरीन अडवत नाहीच, वर त्यात जंतू घर करतात. सूनबाईच्या मोबाइलवरचं यंत्र आम्ही घेतलं नाही. शॉवर उलगडून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, खपली सुटली.

टाकीत क्लोरीन घालायची वेळ आली तर

आमच्या सोसायटीनं टाकी रिकामी करून घासून घेतली, झाकण बदललं. टँकरचं पाणी येतं त्या दिवसांत टीसीएल घालायची, असं ठरलं. पद्धत मी वॉचमनला करून दाखवली.

आपली सुरुवात हजार लिटरला पाच ग्रॅमपासून. दहा हजार लिटरच्या टाकीला पन्नास ग्रॅम. पावडर ताजी हवी. चांगल्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. पिशवी उघडी राहिली, ओल लागली की ते उडून जातं आणि उरतो चुना. दमट, गोळे झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर टाकून काही उपयोग नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून आधी लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरा, काठीनं ढवळा आणि दहा मिनिटं निवळू द्या. चुना तळाशी बसतो. वरची निवळीच फक्त टाकीत ओता. नाका-तोंडाला रुमाल, डोळ्यांना चष्मा. पातेलं लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं घेऊ नका. निदान अर्धा तास थांबा, मग नळाला ओटी घ्या. पिवळं आलं नाही तर पाण्यात घाण जास्त आहे, मात्रा वाढवा आणि पुन्हा अर्धा तास थांबा. 1 च्या वर गेलं तर पाणी मिसळू द्या, दुसऱ्या दिवशी कमी घाला.

वॉचमनच्या खोलीत टीसीएलची पिशवी आणि संडास धुवायच्या ॲसिडची बाटली एकाच फळीवर होती. मी तिथल्या तिथं वेगळी करायला लावली. ॲसिड सांडून टीसीएलमध्ये गेलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो माणसाचा जीव घेऊ शकतो. फरशी चकचकीत व्हावी म्हणून दोन्ही एकत्र ओतणारे लोक मी पाहिलेत. असं कधीही करू नका. चुकून वायू सुटलाच तर आवरायला थांबू नका, आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या. डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

कधी कळवायचं

रोज येणारा हलका वास अचानक बंद झाला, तर ओटी घ्या. दोन वेळा पांढरं आलं की पाणीपुरवठा विभागाला, गावात असाल तर ग्रामपंचायतीला आणि आरोग्य सेवकाला कळवा. तोवर पाणी उकळून प्या. अचानक फार उग्र वास यायला लागला तरी कळवा. पाण्यात मैला शिरला की त्यातल्या अमोनियाशी क्लोरीनचा संयोग होऊन जो वास सुटतो तो साध्या वासापेक्षा तीव्र, नाकात बसणारा असतो. पाणी गढूळ दिसलं, गटारासारखं लागलं, तर क्लोरीन पिवळं दाखवत असलं तरी पिऊ नका. दिल्लीत 1955 च्या नोव्हेंबरात यमुनेतून मैला शुद्धीकरण केंद्रात शिरला. तिथल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं, त्यामुळे टायफॉइड-हगवण वाढली नाही. पण सुमारे 29,000 माणसांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती, हे पुष्कळ नंतर कळलं. इतक्या मैल्यापुढे क्लोरीन एकटं पुरत नाही.

कळवताना तारीख, वेळ, कुठला नळ आणि आकडा, एवढं सांगा. नुसतं 'पाणी खराब आहे' म्हटलं तर समोरचा माणूस कुठून शोधणार?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आता तारखेच्या चौकटीत दोन आकडे असतात, वर थेट नळाचा, खाली टाकीचा. गेल्या महिन्यापासून ते सूनबाईच लिहिते. कालचे होते 0.5 आणि 0.3.